सत्तरीत कसा दिसेल हा हात?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका ४१ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांची मोठी बहीण आजारपणात गेली. जाण्याच्या काही आठवडे आधी ताईने एका छोट्या कार्डावर त्यांना लिहून दिलं होतं, ‘घाबरू नकोस, मी आहे.’ हे वाक्य ताईच्याच अक्षरात हातावर गोंदवून घ्यावं असं त्यांना फार वाटतं. टॅटूची हौस तशी विशीपासूनची, पण तेव्हा घरच्यांनी ‘म्हातारपणी कसं दिसेल याचा विचार कर’ म्हणून थांबवलं. आता नवराही तेच म्हणतो. ऑफिसातल्या मैत्रिणीने एका वयस्कर माणसाच्या दंडावरच्या टॅटूचा फोटो दाखवला. तो पसरून निळसर डाग झाला होता. तेव्हापासून त्या जास्तच बिचकल्या आहेत. हाताची कातडी थोडी सैल पडू लागली आहे हेही त्यांना दिसतं. त्या विचारतात, ‘ताईचं अक्षर माझ्या सुरकुत्यांत विद्रूप झालं तर मला ते सोसणार नाही. मला उशीर झालाय का? की वयाकडे बघून हा विचार सोडूनच द्यावा?’

उत्तर:

तुमच्या पत्रात वयाचं कारण दोनदा येतं, आणि दोन्ही वेळा उलट बाजूने येतं. विशीत तुम्हाला सांगितलं गेलं की पुढे सगळं आयुष्य पडलंय, इतकी वर्षं हे अंगावर वागवणार का? आता तुम्ही स्वतःला सांगताय की कातडी सैल पडायला लागली, आता कशाला? मग मधलं योग्य वय कुठलं होतं? तिशी? पस्तिशी? तेव्हाही या दोहोंपैकी एक कारण पुढे आलंच असतं, कदाचित दोन्ही आली असती. जे कारण प्रत्येक वयाला लागू पडतं, त्याच्या आत बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी दडलेलं असतं. त्याकडे मी येणार आहे. पण आधी कातडीचं बोलू, कारण तुमची ती शंका रास्त आहे आणि तिला सरळ उत्तर मिळायला हवं.

टॅटूची शाई कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात राहत नाही. तो थर साधारण महिन्याभरात झडून नवा होत असतो, शाई तिथे असती तर तीही त्याच्याबरोबर गेली असती. सुई ती खालच्या थरात सोडते, पृष्ठभागापासून एक ते दोन मिलिमीटर खोल. शरीराच्या लेखी शाई परकीच. त्यामुळे आपल्या कातडीतल्या साफसफाई करणाऱ्या पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, तिचे कण गिळतात. पण ते कण त्यांना पचत नाहीत, म्हणून त्या ते पोटात धरून बसतात. फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की या पेशी मेल्यावर शाई मोकळी होते आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या पेशी ती पुन्हा गिळतात. टॅटू टिकतो तो असा, एकीने सोडायचं आणि दुसरीने धरायचं.

पण ही धरसोड वर्षानुवर्षं चालते आणि त्यात थोडे कण बाजूला सरकतात, काही खोल उतरतात, काही लसिकाग्रंथींपर्यंत, म्हणजे शरीरातल्या गाळण्यांपर्यंत, वाहून जातात. टीपकागदावर शाईची रेघ फुटते, तशी टॅटूच्या रेघेची कड हळूहळू मऊ होते. खोल गेलेला काळा रंग वरच्या कातडीतून निळसर दिसतो. मैत्रिणीने दाखवलेल्या फोटोतला निळेपणा बहुधा यातूनच आलेला असणार. त्यात उन्हाची भर पडते. अतिनील किरणांनी शाईचे कण फुटतात आणि रंग उडतो. त्याच किरणांनी कातडीला ताठ ठेवणारं कोलॅजन झिजतं आणि सुरकुत्या लवकर येतात. म्हणजे टॅटूचं म्हातारपण आणि कातडीचं म्हातारपण, दोन्ही वेगाने आणणारी गोष्ट एकच आहे, आणि तिच्यापासून आपण बऱ्याच अंशी वाचू शकतो.

तुम्ही पाहिलेला टॅटू कधीचा आहे, कुठल्या शाईचा आहे, सुई किती खोल गेली होती, त्या दंडाने किती उन्हं खाल्ली, आणि मुळात पहिल्या दिवशी तो कसा दिसत होता, यातलं फोटोतून काहीच कळत नाही. आणखी एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे त्या माणसाला त्याचा टॅटू आवडतो की नाही. फोटो काढणाऱ्याने ते विचारलं नसावं.

थोडक्यात, तुमचा टॅटू बदलेल. तीस वर्षांनी त्याची रेघ आजच्यापेक्षा जाड आणि मऊ असेल, काळा रंग थोडा फिका पडलेला असेल. पण वाचता येणार नाही इतका बिघडेल की नाही, हे तुमच्या वयापेक्षा आज काय, कुठे आणि केवढं काढताय यावर कितीतरी जास्त ठरतं. म्हणून मला तुमच्या वयापेक्षा तुमच्या वाक्याची काळजी जास्त वाटते.

ते वाक्य डोळ्यांसमोर आणा. कार्डावर पेनने लिहिलेलं, म्हणजे अक्षराची उंची जेमतेम चार-पाच मिलिमीटर. त्यातला ‘ब’ बघा. त्याच्या पोटात एक तिरकी रेघ आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना इवलीशी मोकळी जागा. रेघा थोड्या जाड झाल्या की ही जागा सगळ्यात आधी भरून जाते आणि ‘ब’चा काळा ठिपका होतो. ‘घ’ची डाव्या बाजूची वळणं एकमेकांना चिकटली की तो ‘ध’ वाटायला लागतो. ‘रू’ची शेपटी स्वतःतच गुंतते. देवनागरीत बंद पोटं, गाठी, मात्रा आणि टिंबं बरीच आहेत. ती कागदावर छान दिसतात, कातडीवर मात्र त्यांना श्वास घ्यायला जागा लागते. सध्या केसासारख्या बारीक रेघांचे टॅटू फार आवडीने काढले जातात. पहिल्या महिन्यात ते अतिशय देखणे दिसतात आणि फोटोही त्याच महिन्यातले असतात. पण बारीक रेघ एक तर लवकर पुसट होते, नाहीतर शेजारच्या रेघेत मिसळते.

म्हणून ताईचं अक्षर आहे त्या मापात घेऊ नका. त्याचं वळण तेच ठेवून ते मोठं करा. किती, तर ‘ब’च्या पोटातल्या मोकळ्या जागा निदान दोन-तीन मिलिमीटरच्या होतील इतकं. असं केल्यावर चार शब्दांची ओळ लांबलचक होईल आणि कदाचित हातावर मावणार नाही. तेव्हा नुसतं ‘मी आहे’ एवढंच घ्यायचा विचार करा. ती अक्षरं बरीच मोकळी आहेत, वय त्यांना कमी त्रास देईल. आणि ताईने तुम्हाला जे द्यायचं होतं ते मला वाटतं त्या दोन शब्दांतच आहे. हे अर्थात तुम्ही ठरवायचं. तुम्हाला ‘घाबरू नकोस’ हवंच असेल तर ते दोन ओळींत मांडता येतं.

जागेचं म्हणाल तर दंडाच्या आतली बाजू आज छान दिसते, पण तिथली कातडी वयाबरोबर आणि वजन कमीजास्त झाल्यावर बरीच सैल पडते. मनगटाच्या घडीवर अक्षरं मोडतात, शिवाय घड्याळ किंवा बांगडी सतत घासत राहते. बोटं आणि पावलं तर नकोच, तिथला टॅटू पहिल्या काही वर्षांतच विरतो. पाठीचा वरचा भाग कातडीच्या दृष्टीने उत्तम, पण तुम्हाला हे वाक्य स्वतःला दिसायला हवंय, पाठीवर काढून उपयोग काय? मला तुमच्यासाठी हाताच्या पुढच्या भागाची आतली बाजू पटते, कोपराच्या थोडं खाली, हाताच्या लांबीने. तिथे ऊन कमी लागतं, ताण कमी येतो आणि ओळ तुमच्या डोळ्यांसमोर राहते. मात्र तिथे ती इतरांनाही दिसेल. ‘हे काय लिहिलंय?’ हा प्रश्न लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये, अनोळखी माणसांकडून येईल. दर वेळी ताईविषयी सांगायची तयारी आहे का, की एखादं छोटं उत्तर ठरवून ठेवणार, हे आधीच बघा. म्हातारपणापेक्षा हा प्रश्न कितीतरी आधी येणार आहे.

आता त्या ‘कसं दिसेल’कडे वळते. कुणाला कसं दिसेल? आपण हे वाक्य बोलतो तेव्हा मनात एक बघणारा असतो, आणि तो जवळजवळ नेहमी तरुण असतो. पंचविशीतलं कुणीतरी आपल्या सत्तरीतल्या हाताकडे बघतंय आणि नाक मुरडतंय, असं ते चित्र. पण सत्तरीत तुमच्या हाताकडे सगळ्यात जास्त वेळा बघणार आहात तुम्ही. आणि तुम्ही त्या हाताकडे आज पहिल्यांदा बघितल्यासारखं बघणार नाही. तीस वर्षं रोज बघत आलेल्या असाल. रेघ रोज किती जाड झाली ते कुणाला दिसतं? स्वतःचा चेहरा आपण आरशात असाच म्हातारा होताना बघतो आणि तो आपलाच वाटत राहतो.

या प्रश्नात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. जणू टॅटू नसता तर सत्तरीतला हात कोरा, नितळ राहिला असता! तसं होणार नाही. सुरकुत्या येतील, तपकिरी डाग येतील, शिरा वर येतील, कुठे भाजल्या-कापल्याच्या खुणा असतील. कातडी वापरातलीच वस्तू आहे, ती नवी ठेवण्यासाठी कुठे जपून ठेवता येत नाही. प्रश्न एवढाच, की त्या सगळ्या खुणांमध्ये एक खूण तुम्ही स्वतः निवडलेली असावी की नसावी.

म्हाताऱ्या अंगावरचा टॅटू केविलवाणा दिसतो, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की आपण तो नीट बघतच नाही. फिलिपिन्समधल्या कलिंगा प्रांतातल्या वांग-ओद यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचा जन्म १९१७ चा. काटा आणि काजळी वापरून हाताने गोंदण्याची तिथली कला त्यांनी आयुष्यभर जपली. एप्रिल २०२३ मध्ये ‘व्होग फिलिपिन्स’ने त्यांना मुखपृष्ठावर घेतलं, तेव्हा त्या १०६ वर्षांच्या होत्या. त्यांचे हात आणि खांदे गोंदलेले आहेत, आणि अर्थातच सुरकुतलेलेही. तो फोटो शोधून बघा. गोंदणाच्या रेघा सुरकुत्यांबरोबर वळतात, काही जागी पुसट होतात, आणि तरी ते हात पाहताना रेघा बिघडल्यात असं मनातही येत नाही. अर्थात, तो वारसा त्यांच्या समाजाचा आहे आणि तुमचा टॅटू तुमचा खासगी, दोहोंचा अर्थ एक नाही. मी सांगतेय ते फक्त डोळ्यांपुरतं. जुनी कातडी आणि जुनी शाई एकत्र कशा दिसतात, याचं तुमच्याकडे सध्या एकच चित्र आहे, मैत्रिणीच्या फोनमधलं. त्याच्या शेजारी दुसरं ठेवा.

आणि मागेच जायचं तर फार मागे जाता येतं. १९९१ मध्ये आल्प्समध्ये, ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर, बर्फात एका माणसाचं शव सापडलं, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचं. त्याला ओत्झी म्हणतात. त्याच्या अंगावर टॅटूच्या ६१ खुणा आहेत, साध्या रेघा आणि फुल्या. तो गेला तेव्हा साधारण पंचेचाळिशीचा होता, म्हणजे तुमच्यापेक्षा थोडासाच मोठा. यातल्या बऱ्याच खुणा कंबर, गुडघे आणि घोटे अशा जागी आहेत, आणि त्याचे सांधे झिजलेले आढळले. दुखण्यावर उपचार म्हणून त्या काढल्या असाव्यात, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. आपल्याला ठाऊक असलेल्या सगळ्यात जुन्या टॅटूंपैकी काही बहुधा अशा झिजू लागलेल्या शरीरासाठीच काढलेले होते. टॅटू तरुण कातडीची शोभा आहे आणि वय ती बिघडवतं, ही समजूत त्यामानाने अगदी अलीकडची.

इथवर मी तुमच्या बाजूने बोलतेय असं वाटेल, म्हणून वयाच्या काळजीत जो खरा मुद्दा आहे तोही सांगते. तो कातडीचा नाही, मनाचा आहे. जॉर्डी क्वॉइडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये १८ ते ६८ वयोगटातल्या १९,००० हून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेल्या दहा वर्षांत आपण खूप बदललो हे लोक मान्य करतात, पण पुढच्या दहा वर्षांत मात्र फारसे बदलणार नाही असं त्यांना वाटतं. हे तरुणांतच नव्हे, सगळ्या वयांत आढळलं. म्हणजे ‘मी आता चाळिशी ओलांडली, माझी आवडनिवड पक्की झाली’ यावर फार विसंबू नका. एकावन्नाव्या वर्षीच्या तुम्ही आजच्या तुमच्याहून वेगळ्या असाल.

मग अशा बदलणाऱ्या माणसाने कायमचं काही गोंदवावं का? मी यात असा फरक करते. काही टॅटू आपण कोण आहोत ते सांगतात. एखादं ब्रीदवाक्य, आवडता गायक, एखाद्या गटाची खूण, सध्याच्या जोडीदाराचं नाव. आपण बदललो की ते खोटे पडू शकतात, आणि पस्तावा होतो तो बहुतेक इथेच. काही टॅटू घडून गेलेली गोष्ट नोंदवतात. तुम्हाला एक बहीण होती, तिने तुमच्यासाठी स्वतःच्या हाताने हे लिहिलं. पुढे तुमचे विचार, घर, नोकरी काहीही बदललं तरी ही गोष्ट घडलेलीच राहणार आहे. म्हणून तुमच्या बाबतीत मला आवड बदलण्याची भीती कमी वाटते.

एक गोष्ट मात्र मी टाळून पुढे जाणार नाही. दीड वर्ष म्हणजे फार दिवस नव्हेत. तुमच्या पत्रात सगळ्यात जड वाक्य सुरकुत्यांचं आहे, ‘ताईचं अक्षर विद्रूप झालं तर मला ते सोसणार नाही.’ ते वाचताना मला असं वाटलं की तुम्हाला म्हातारपणाची तेवढी भीती नाही, जेवढी ताई दुसऱ्यांदा हातातून निसटण्याची आहे. वयाच्या कारणाच्या आत काहीतरी दडलंय असं मी वर म्हटलं, ते हेच. तुम्ही त्या टॅटूकडून अशी अपेक्षा करताय की त्याने जराही बदलू नये. हे तो करू शकणार नाही. कातडीवर काढलेली कुठलीच गोष्ट ते करू शकत नाही. तो तुमच्याबरोबर म्हातारा होईल, अक्षराची धार जाईल, आणि ताई जशी लिहायची तसं ते शंभर टक्के दिसणार नाही. हे तुम्हाला चालणार असेल, तर काढा. आजच्या घडीला ते नुसतं मनात आणूनही घशाशी येत असेल, तर अजून थांबा. तुमचं वय फार झालं किंवा कमी पडलं म्हणून नव्हे, दुःख अजून ताजं आहे म्हणून. मूळ अक्षर जपायचं काम कार्डालाच करू द्या. त्याची चांगल्या दर्जाची स्कॅन प्रत काढून दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि कार्ड उजेडापासून लांब ठेवा. एकदा मूळ अक्षर सुरक्षित झालं की हातावरच्या अक्षरावरचा भार हलका होतो.

नवऱ्याशी बोलताना कातडीवर वाद घालू नका. ‘सत्तरीत कसं दिसेल’ म्हणताना त्यांना नेमकं काय खुपतंय ते विचारा. कदाचित त्यांना फक्त दिसण्याचीच चिंता असेल, मग वरची माहिती त्यांना वाचायला द्या. कदाचित तुम्ही दुःख हातावर कायमचं लिहून घेताय आणि त्यातून बाहेर पडणार नाही, अशी धास्ती असेल. तसं असेल तर ते बोलायला हवं, आणि ते टॅटूपेक्षा मोठं बोलणं आहे. त्यांचं म्हणणं पूर्ण ऐका. शेवटचा निर्णय मात्र हात तुमचा असल्याने तुमचाच.

माझं मत विचाराल तर वयामुळे हा विचार सोडू नये. एकेचाळिसाव्या वर्षी उशीर तर मुळीच झालेला नाही. वयाची जाण ठेवून अक्षर मोठं घ्या, शाई काळीच घ्या, जागा नीट निवडा आणि आधी थोडा सराव करून बघा.

सराव म्हणजे असा. वाक्य मोठं करून छापा आणि तात्पुरता टॅटू बनवून मिळतो तसा बनवून घ्या, किंवा त्वचेला चालणाऱ्या पेनने कुणाकडून तरी गिरवून घ्या. तो उतरला की पुन्हा लावा. असं दोन-तीन महिने करा. लग्नाकार्याला लावा, ऑफिसला जाताना लावा, ताईची फार आठवण येते त्या दिवशी लावा, आणि अजिबात येत नाही त्याही दिवशी लावा. कंटाळा येतो का, जड वाटतं का, की हाताचाच भाग वाटायला लागतो, हे कुठल्याही सल्ल्यापेक्षा त्यातून जास्त कळेल. त्याच काळात छापलेल्या कागदावर जाड पेनने सगळ्या रेघा एकदा दुप्पट रुंद करून बघा. तीस वर्षांनंतरचा हा ढोबळ अंदाज समजा. तेव्हाही वाचता आलं तर माप बरोबर आहे.

कलाकार निवडताना ताज्या कामाचे फोटो बघून भुलू नका. पाच-सात वर्षांपूर्वी काढलेल्या, भरून आलेल्या टॅटूंचे फोटो मागा, विशेषतः अक्षरांचे. ज्याच्याकडे ते आहेत आणि जो स्वतःहून सांगतो की ‘एवढं बारीक नको, पुढे भरून जाईल’, त्याच्याकडे जा. देवनागरी वाचता येणारा कलाकार मिळाला तर फार बरं. नसेल तर स्टेन्सिल, म्हणजे गोंदण्याआधीचा छाप, कातडीवर उमटल्यावर प्रत्येक मात्रा स्वतः तपासा. सुया तुमच्यासमोर फोडलेल्या, एकदाच वापरायच्या हव्यात, हिपॅटायटिस बी आणि सी अस्वच्छ सुईतून पसरू शकतात. शाईचं नाव आणि त्यातले घटकही विचारा. युरोपियन युनियनने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं घातली आहेत, तेव्हा असा प्रश्न विचारणं अजिबात वावगं नाही.

काही जणांना मात्र मी थांबाच म्हणेन, आणि तेही वयामुळे नाही. जखम भरताना ज्यांना जाड, उंच वण येतात, म्हणजे केलॉइड, त्यांनी, आणि सोरायसिस असलेल्यांनीही, आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं. सोरायसिसमध्ये सुईच्या जखमेच्या जागी नवा चट्टा उठू शकतो. तिळावर किंवा मशीवर कधीच गोंदवू नये, कारण पुढे त्यात काही वाईट बदल झाला तर तो शाईखाली दिसत नाही. लाल रंगाची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त आढळते. तुम्ही काळाच घेणार, त्यामुळे ती चिंता तुम्हाला कमी.

साठीनंतर पहिला टॅटू काढू पाहणाऱ्यांचीही अशीच घालमेल होत असते. त्यांनाही माझं उत्तर तेच. त्यांच्या बाबतीत तर तीस वर्षांनंतरची चिंता आणखी कमी. फक्त कातडी पातळ झालेली असते, लवकर काळीनिळी पडते आणि जखम भरायला वेळ लागतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नका, आणि ती औषधं स्वतःहून बंद तर अजिबात करू नका. म्हाताऱ्या कातडीवर काम केलेला, हलक्या हाताचा कलाकार शोधा. विशीतल्या वाचकांना एवढंच सांगेन, पोटावर किंवा जिथे पुढे वजन आणि बाळंतपण यांनी आकार बदलतो तिथे भूमितीसारखी नेमकी नक्षी काढू नका. आणि जोडीदाराच्या नावाबाबत थोडा धीर धरा.

लेझरचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, पण ‘नाही आवडला तर काढून टाकू’ असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच. लेझरने शाईचे कण फुटतात आणि मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. काळी शाई त्याला सगळ्यात चांगली दाद देते, पिवळी आणि हिरवी अवघड जाते. पण त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, ते दुखतं, पूर्ण जाईलच असं नसतं, आणि सावळ्या त्वचेवर फिके किंवा गडद डाग राहण्याची शक्यता जास्त असते. तेव्हा लेझर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका.

टॅटू काढलाच, तर पहिले दोन-तीन आठवडे तो ऊन, पोहणं आणि खाजवणं यांपासून जपा. खपली स्वतःहून पडू द्या. पूर्ण भरल्यावर मात्र उन्हात जाताना त्यावर रोज सनस्क्रीन लावायची सवय आयुष्यभरासाठी लावून घ्या, निदान एसपीएफ ३०चं. भरून येताना मध्ये एक काळ असा येतो की अक्षरं धुरकट, पापुद्र्याखाली दबल्यासारखी दिसतात. तेव्हा घाबरून काही ठरवू नका. चार ते सहा आठवडे जाऊ द्या, मग चांगल्या उजेडात बघा. कुठे रेघ तुटली असेल तर त्याच कलाकाराकडून एकदा टच-अप करून घ्या. पण ‘अजून गडद’ करण्याच्या मोहाने पुन्हा पुन्हा त्याच जागी सुई फिरवू नका, त्याने रेघ उलट लवकर पसरते.